दुरुस्तीचं वर्ष

शशी,

आज सकाळी ऑफिसात एक फोन आला. दोन माणसांची पैज लागली होती, हरेल त्यानं दुसऱ्याला बिअर पाजायची. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी लायब्ररीत फोन केला, तर तिथल्या नव्या मुलीनं सांगितलं, त्या बाई आता नाहीत, तुम्ही बोल गेमच्या ऑफिसलाच विचारा. म्हणून माझ्याकडे. प्रश्न असा होता की, तीस वर्षांपूर्वी एकाच वर्षी आपल्या शहरातला फुटबॉलचा बोल गेम स्टेडियमवर न होता गावाबाहेर लष्कराच्या तळावर खेळला गेला, तो का? एक म्हणत होता आग लागली होती. दुसरा म्हणत होता पूर आला होता. मी समोरचं छापील पुस्तक उघडलं आणि त्यात होतं ते वाचून दाखवलं. "रिपेअर्स, सर." दोघंही हरले. तो माणूस मोठ्यानं हसला, थँक यू मॅम म्हणाला, आणि मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. मी रडते आहे असं समजू नकोस. रडायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. मी दमले आहे. हे सत्याऐंशी साल संपत आलंय, सामना तीन आठवड्यांवर आलाय, ऑफिसात फोन थांबत नाहीत, आणि दर दुसऱ्या फोनला माझा हात आपसूक तुझा नंबर फिरवायला जातो. आठ वर्षांची सवय आहे. कुठल्या वर्षी कुठलं मैदान, हे मला कधीच पाठ झालं नाही, कारण पाठ करायची गरजच नव्हती. तू होतीस.

या बोल गेमचं मला काय अप्रूप! नोकरी लागली तेव्हा बोल म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. आमच्या घरी ह्यांना वाटलं क्रिकेटसारखी काही बॉलिंगची स्पर्धा असेल. मी पुण्याला पत्रात 'वाटीचा सामना' असं लिहिलं, तर सासूबाईंचं उलट पत्र आलं की वाटीत काय वाढतात. शेवटी तूच समजावून सांगितलंस. जुनी स्टेडियमं खोलगट वाडग्यासारखी असायची म्हणून ते नाव पडलं. वर्षाअखेरीला दोन लांबच्या कॉलेजांचे संघ बोलवायचे, बँड वाजवायचे, आणि अख्ख्या शहरानं वाडग्याच्या कडेला बसून त्यांची मारामारी बघायची. आता सामना नव्या घुमटवाल्या इमारतीत गेला तेव्हा तू म्हणालीस, "वाडग्यावर झाकण आलं, नलू. आता आतलं उतू जाणार नाही." तुझ्या विनोदांवर मी लगेच हसत नसे. घरी जाऊन भांडी घासताना हसायचे.

तू नागपूरची, मी पुण्याची. आपली पहिली भेट या शहरातल्या मराठी मंडळाच्या पहिल्या जेवणात झाली. मंडळ कसलं, अकरा घरं. तू पांढऱ्या साडीवर निळा स्वेटर घातला होतास आणि मी तुला पहिल्याच वाक्यात आडनाव विचारलं. "रामटेके," तू म्हणालीस. मी म्हणाले, "बरं बरं." ते 'बरं बरं' तू पुढे अठरा वर्षं मला ऐकवलंस. मी कुठल्याही गोष्टीला बरं म्हणाले की तू लगेच, "एकदा की दोनदा?" आणि मी रागवायचे, नाकाला मिरच्या झोंबल्यासारखी. खरं तर त्यात रागवण्यासारखं तुझ्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं.

मग मी बोल कमिटीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले आणि तू लायब्ररीच्या चौकशीच्या टेबलावर होतीसच. आपलं खरं सूत तिथून जुळलं. या शहरातले लोक काहीही अडलं की लायब्ररीला फोन करतात, आणि इथं घोडं बहुतेक फुटबॉलवरच अडतं. पलीकडून एखादा आजोबा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लांबलचक हेलात विचारायचा, आणि इकडून आमची रामटेके बाई नागपुरी हेलात इंग्रजी बोलून उत्तर द्यायची. फुटबॉलमधलं तुला ओ की ठो कळत नव्हतं. स्कोअर विचारला की तू म्हणायचीस, ते दुसऱ्या टेबलावर. तुझ्याकडे फक्त जागा होत्या. प्रत्येक वर्षाचं एक कार्ड. वर्ष, मैदान, मैदान कुणाच्या मालकीचं, आणि मैदान बदललं असेल तर कारण. पहिली काही वर्षं जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या बाजाराशेजारी. मग दगडी स्टेडियम. मग ते एक वर्ष तळावर, परत दगडी स्टेडियम, आणि आता झाकणाखाली. दोन वर्तमानपत्रांत तीच गोष्ट दिसल्याशिवाय तू कार्डावर शाई लावत नसायचीस, तोवर पेन्सिल.

"पण तुला जागाच का गं?" मी एकदा विचारलं होतं. तू डबा खात होतीस. म्हणालीस, "मी चौदा वर्षांची होते तेव्हा दसऱ्याला बाबांबरोबर त्या मैदानावर बसले होते. नागपुरात, दीक्षेच्या दिवशी. घरी आल्यावर बाबा आईला काय सांगत होते माहितेय? काय काय झालं ते नाही. आपण कुठं बसलो ते. तीन-तीनदा. कडुलिंबाच्या झाडापासून इतक्या पावलांवर. तुम्हा लोकांना बसायला जागा आहे की नाही हे कधी विचारावं लागलं नाही, म्हणून तुम्हाला स्कोअर आठवतो." मी म्हणाले, मला स्कोअरही आठवत नाही. तू म्हणालीस, तेही खरंच.

जुनं दगडी स्टेडियम बघायला आपण गेलो होतो, आठवतं? सामना तिथून हलल्यानंतरच्या मार्च महिन्यात, रविवारी सकाळी. पायऱ्यांच्या फटींतून गवत वर आलेलं. मला वाटलं तू मधल्या मोठ्या स्टँडवर बसशील, फोटो काढू. तू सरळ टोकाला गेलीस, गोलखांबांच्या मागे, जिथं छप्पर नव्हतं. तिथं बाहेरच्या भिंतीत एक दार विटांनी बुजवलेलं होतं. विटांचा रंग बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळा. "हे त्यांचं दार," तू म्हणालीस. "काळ्या लोकांचं. तिकीट तेवढंच, दार वेगळं." तू तिथून मैदानाच्या मध्यापर्यंत पावलं मोजत चालत गेलीस आणि मी थंडीनं कुडकुडत कारची किल्ली हातात धरून उभी राहिले. मला घरी जायचं होतं. पोळ्या व्हायच्या होत्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. उगाच लांबण लावते आहे हे तुला कळलंच असेल.

सहा वर्षांपूर्वीची दिवाळी. मंडळाचं दिवाळीचं जेवण दर वर्षी एकेका घरी आळीपाळीनं व्हायचं आणि पाळीची यादी माझ्याकडे असायची. त्या वर्षी पाळी तुझी होती. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तू पहिल्यांदाच इतक्या लोकांना घरी बोलवणार होतीस. मला फोन करून विचारलंस, पस्तीस माणसांना तांदूळ किती लागतील. आणि त्याच महिन्यात माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांनी विचारलं, जेवण कुणाकडे? मी नाव सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. मी घरी दही-भात खाईन." एवढंच. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. भांडल्या असत्या तर कदाचित मीही भांडले असते. ह्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. मी मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी मी यादीतल्या नऊ घरी फोन केले. सगळ्यांना म्हणाले, शशीच्या घरी दुरुस्ती चालू आहे, तर यंदा जेवण आमच्याकडे. दहावा फोन तुला. तुला दुरुस्ती कशी सांगणार? तुला मी सांगितलं की सासूबाईंचे गुडघे धरलेत आणि तुझ्या दारात आठ पायऱ्या आहेत. तू म्हणालीस, "अगं, मग इकडेच कशाला, तुझ्याकडेच करू. मी येते सकाळपासून मदतीला." आणि आलीस. पस्तीस माणसांचे तांदूळ घेऊन आलीस.

त्या संध्याकाळभर मला एकच धास्ती. कुणीतरी एक जण येऊन सहज विचारणार, काय शशीताई, संपली का दुरुस्ती? आणि तू म्हणणार, कसली दुरुस्ती? मी हातात पातेलं घेऊन तुझ्या मागेमागे फिरत होते. तू सांबारवड्या केल्या होत्यास. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी वडीबरोबर वाढायला आमटी शोधत बसले आणि सगळे हसले. सासूबाईंच्या ताटात मी वडी वाढली नाही. त्या म्हणाल्या, माझा उपास आहे. दिवाळीच्या दिवशी! तू त्यांच्या समोरच बसली होतीस. तू म्हणालीस, "मग मी तुम्हाला दूध गरम करून आणते." त्यावर त्या नको म्हणाल्या.

कुणीच काही विचारलं नाही, शशी. नऊच्या नऊ घरांतल्या एकानंही नाही. लोक निघून गेल्यावर मी सोफ्यावर पडले आणि मला वाटलं, सुटले. वेळ मारून नेली.

पुढे तीन वर्षांनी आमच्या साहेबांनी ठरवलं की सामन्याच्या मोठ्या वाढदिवसानिमित्त त्याचं दर वर्षीचं पुस्तक, ज्याला इथं प्रोग्रॅम म्हणतात, जाडजूड काढायचं आणि त्यात मैदानांचा सगळा इतिहास द्यायचा. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं, म्हणजे तुझ्याकडे. तू आनंदली होतीस. तेवढी आनंदलेली मी तुला तुझ्या मिलिंदच्या ग्रॅज्युएशनलाच पाहिली. आठवडाभर तू जेवणाच्या सुट्टीत मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसलीस. आणि त्या एका वर्षाचं कार्ड, जे तोवर पेन्सिलीनं होतं, त्यावर शाई लागली.

शहराच्या मोठ्या पेपरात छापलं होतं की, स्टेडियमच्या उत्तरेकडच्या स्टँडची दुरुस्ती निघाल्यामुळे सामना हलवला. पण त्याच पेपरात, आधीच्या शनिवारी त्याच स्टेडियमवर शाळांची मॅच झाल्याची बातमी होती, आणि फोटोत उत्तरेकडचा स्टँड माणसांनी गच्च भरलेला. पुढच्या शनिवारी पुन्हा एक मॅच. मग तू काळ्या वस्तीतलं जुनं साप्ताहिक शोधून काढलंस. त्यात सरळ लिहिलं होतं. उत्तरेच्या कॉलेजच्या संघात एक काळा मुलगा होता. मैदानाच्या मालकांनी सांगितलं, तो आत येणार असेल तर मैदान मिळणार नाही. लष्कराच्या तळावर ती अडचण नव्हती. म्हणून सामना तिथं. तू ते सगळं एका कार्डावर पाच ओळींत लिहिलंस, खाली दोन्ही पेपरांची नावं आणि पानं, आणि स्वतः चालत माझ्या ऑफिसात आणून दिलंस.

पुस्तक छापून आलं. त्यात त्या वर्षापुढे एकच शब्द होता. दुरुस्ती.

तू दुपारी चारला माझ्या घरी आलीस. चहा घेतला नाहीस.

"कुणी बदललं?"

"साहेबांनी," मी म्हणाले. "ते म्हणाले, हनी, इट्स अ प्रोग्रॅम. लोक मजा करायला येतात."

"मग कारणाची जागा मोकळी सोडायची."

"शशी, कशाला उगाच? पंचवीस-तीस वर्षं झाली. एक शब्द आहे."

"दुरुस्ती ज्याची करतात ते मोडलेलं असतं, नलू. तिथं मोडलेलं काय होतं?"

तू स्टेडियमबद्दल बोलत होतीस की आणखी कशाबद्दल, ते मला कळेना, आणि मला ते कळून घ्यायचंही नव्हतं. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तुझं तोंड नेहमीसारखंच होतं. मग मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसं. म्हणाले, "एवढं वाटतं तर पेपरला पत्र लिही. तुझ्याकडे पुरावे आहेत. सगळ्या शहराला कळेल."

"मी कशाला लिहू?" तू म्हणालीस. "मला माहीतच आहे. ज्यांनी हलवलं त्यांनी लिहावं."

"ते कधी लिहिणार आहेत?"

"नाही लिहिलं तर नाही. पण त्यांच्या तोंडचं मी बोलणार नाही."

मग तू पर्स उचललीस. त्यानंतर तीन आठवडे आपण बोललो नाही. पुढे कुणाचा तरी फोन आला, कुठल्याशा वर्षाबद्दल, मी तुला विचारलं, तू उत्तर दिलंस, आणि गाडी रुळावर आली. ते भांडण मात्र तिथंच राहिलं, चहाच्या कपाशेजारी.

आता ऐक. साहेबांनी तो शब्द बदलला नव्हता. साहेबांना मी तुझं कार्ड दाखवलंच नाही. तुझं कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून मी स्वतःच्या हातानं, इलेक्ट्रिक टाइपरायटरवर, ती सात इंग्रजी अक्षरं टाइप केली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी फक्त साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, ते काय म्हणतील याची कल्पना केली, आणि त्यांना म्हणायची वेळच येऊ दिली नाही. सासूबाईंच्या वेळी निदान समोरच्या माणसानं तोंड उघडलं होतं.

तुला सांगायचं होतं. खोटं नाही बोलत. तुझ्या वाढदिवसाला सांगायचं होतं, मिलिंदला नोकरी लागली तेव्हा सांगायचं होतं. एकदा आपण दोघी तुझ्या गाडीत गॅस भरायला थांबलो होतो तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं, तेवढ्यात पंपवाल्यानं काच पुसायला सुरुवात केली. कारणं शोधायला मी पहिल्यापासून हुशार. आणि तुझ्याबरोबर बरं चाललं होतं ना! शनिवारी भाजी, रविवारी फोन. चांगलं चाललेलं कशाला बिघडवायचं. कशाला उगाच. आमच्या घराण्यात कुलदैवताखालोखाल हे दोन शब्द पुजतात.

तुझ्या अंत्यविधीला मिलिंद मिशिगनमधल्या नोव्हायहून आला होता. उंच झालाय की तूच लहान दिसत होतीस, कोण जाणे. त्याच्या हातात तुझी ती छोटी वंदनेची पुस्तिका होती. त्याला देवनागरी अडखळत वाचता येतं. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, डू यू नो हाऊ इट गोज? द ट्यून, आय मीन. आईनं शिकवलं होतं, आय फर्गॉट." अठरा वर्षांची मैत्रीण मी. मला तुझं त्रिसरण येत नव्हतं. तुझ्या घरी दर वैशाखी पौर्णिमेला खीर खाल्ली, पण म्हणायला उभी राहिले नाही, पातेलं आवरायला आत जायचे. मी त्याला म्हणाले, "नाही रे." तो म्हणाला, "दॅट्स ओके, मावशी." मग त्यानं एकट्यानंच वाचलं, चुकत, थांबत. इथं जन्मलेली ही मुलं किती पटकन दॅट्स ओके म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

आज तो बिअरच्या पैजेचा फोन आल्यावर मी ड्रॉवर उघडला. कार्ड होतं तिथंच, तुझ्या अक्षरात. ते घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, हे तीन वर्षांपूर्वी तुम्हाला द्यायचं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. खूप वेळ लावला पाच ओळींना. मग म्हणाले, "वॉज अ कोल्ड डे, दॅट वन." बस. माझ्यावर रागावले नाहीत, कार्ड फाडलं नाही, छापू असंही म्हणाले नाहीत. यंदाचं पुस्तक छापखान्यात गेलंय, पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी पुटपुटले आणि कार्ड स्वतःच्या खणात ठेवलं. एका खणातून दुसऱ्या खणात गेलं. मला वाटलं होतं आपल्याला हलकं वाटेल. नाही वाटलं.

परवा रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे. मिलिंद म्हणत होता, चर्चचा हॉल बुक करू या मावशी, पार्किंग इझी आहे. मी म्हणाले, नाही, तुझ्या घरीच करायचं. तो म्हणाला, घर छोटं आहे. मी म्हणाले, मावतील. एवढ्या ठामपणे मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. मग म्हणाला, सगळ्यांना फोन तू करशील? यादी माझ्याकडेच होती. ती अजून माझ्याकडेच असते.

दुपारी घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या फोनपाशी स्टूल ओढलं. ठरवलं होतं की नऊच्या नऊ घरी आधी ते सांगायचं आणि मग रविवारचं. निदान जिथं जिथं खोटं पेरलं, तिथं जाऊन ते उपटायचं. यादीत पहिलं नाव मंदाताईंचं. आपल्यातल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यांच्या बाळंतपणात धावून गेलेल्या.

"हो, येतो की सगळे," त्या म्हणाल्या. "भात मी आणते. तिच्या घरीच ना?"

"घरीच. मंदाताई, एक सांगायचंय. सहा वर्षांपूर्वी दिवाळीला मी तुम्हाला म्हणाले होते, शशीकडे दुरुस्ती चालू आहे. तिच्याकडे काहीच दुरुस्ती नव्हती. आमच्या सासूबाई तिच्याकडे जेवणार नव्हत्या, आणि मी..."

पलीकडे नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"अगं, ठाऊक आहे गं," मंदाताई म्हणाल्या. "तेव्हाच कळलं. तुझा फोन झाल्यावर मी लगेच तिला फोन केला ना. म्हटलं, दुरुस्ती निघालीय तर आमच्या ह्यांना पाठवू का शनिवारी मदतीला? तर ती म्हणाली, कसली दुरुस्ती? मग मीही गप्प, तीही गप्प. समजायचं ते समजली ती."

माझं बोट अजून यादीतल्या पहिल्याच नावावर होतं.

"मग तिनं सगळ्यांना फोन केले," मंदाताई म्हणाल्या. "एकेकाला. म्हणाली, नलूला कुणी काही विचारू नका. ती स्वतः सांगेल मला. मी थांबते."

"मंदाताई..."

"मध्येमध्ये मी विचारायची तिला, सांगितलं का गं नलूनं? नाही म्हणायची. अगदी शेवटी, हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हाही विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अजून नाही."

शशी, त्या आठवड्यात मी रोज चार ते सहा तुझ्या उशाशी बसलेली असायचे. बोलणं संपलं की तू डोळे मिटायचीस, थोड्या वेळानं उघडायचीस आणि विचारायचीस, "आणखी काय, नलू?" आणि मी तुला सामन्याच्या तिकिटांच्या गमती सांगायचे.